काळ्या दोऱ्यातला चाकू

आई, दिवेलागण होऊन गेली आणि पोर अजून घरी आलेली नाही.

पोर म्हणजे माझी नात. तू गेलीस तेव्हा तिच्या बापाला नुकतं मिसरूड फुटत होतं, मग तिला तू कुठून पाहणार. पण तू पाहिलं असतंस तर ओळखलं असतंस. चालताना तुझ्यासारखीच मान ताठ आणि बोलताना आवाज खाली. शीळफाट्याच्या पुढे एका ऑफिसात कामाला जाते. ऑफिसची बस तिला इथे डोंबिवलीत नाक्यावर सोडते, तिथून घरापर्यंत चालत येते. एरवी या वेळेला ती ओट्याशी उभी राहून कोशिंबिरीच्या काकडीवर डल्ला मारत असते आणि मी ‘आधी हात धू’ म्हणून ओरडत असते. मुलगा आणि सून साताऱ्याला लग्नाला गेलेत. घरात मी एकटी. फोन लावला तर त्यातली बाई सांगते, बंद आहे. मराठीत सांगते, हिंदीत सांगते, इंग्रजीत सांगते, पण कुठे आहे ते काही सांगत नाही. भेंड्या धुऊन, पुसून ठेवल्या, विळी पुढ्यात घेतली, पण हात चालेना. हात सारखा कमरेकडे जातोय आणि तिथे काही नाही. म्हणून म्हटलं, त्याला लिहायला तरी लावावं. आणि लिहायचं तर तुलाच, कारण ज्या गोष्टीपायी माझा जीव टांगलाय ती तुझीच आहे. तुझा चाकू आज तिच्याकडे आहे.

परवा जेवताना ती एकदम म्हणाली, ‘आजी, एक सांगू? आईला नको हां सांगूस. ती लग्न सोडून परत येईल.’

‘सांग की.’

‘एक माणूस आहे. स्कूटरवर असतो. नाक्यापासून माझ्या मागे येतो.’

‘काय करतो?’

‘काहीच नाही गं. तोच तर प्रॉब्लेम आहे. काही केलं असतं तर बोंबलता तरी आलं असतं.’

नाक्यापासून आमच्या बिल्डिंगपर्यंत मध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याची लांब भिंत आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाला, दुकान एक नाही. त्या भिंतीशी आला की तो म्हणे स्कूटरचा दिवा बंद करतो आणि पायाने ढकलत ढकलत हिच्या चालीने येतो. ही थांबली की थांबतो. तोंडाने अक्षर काढत नाही. फक्त परवा, गेट दिसायला लागल्यावर, मागून हळूच म्हणाला, ‘तिसरा मजलाच ना?’

आई, माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोलिसांत चल. ती म्हणाली, ‘जाणारच आहे गं. स्कूटरचा नंबर लिहून घेतलाय. शनिवारी सुट्टी आहे, बाबा पण आलेले असतील. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.’ मग पाणी प्यायली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुझ्या आईचा तो चाकू कुठेय गं? दसऱ्याला पुजतेस तो?’

तुला वाटेल, चाकूच तर मागितला, त्यात एवढं काय. पण तुलाच ठाऊक आहे काय ते.

अण्णा होते तेव्हा तो चाकू किती साधा होता! घडीचा, बोटभर, शिंगाची मूठ, नखाने ओढून उघडायचा. अण्णा मिठागरावर कामाला. मिठाच्या गोणीची सुतळी त्यानेच कापायचे, कैरीची फोड त्यानेच, माझ्या पायातला काटाही त्यानेच. माझी पाटीवरची पेन्सिल अशी टोकदार करून द्यायचे की शाळेत पोरी मागायच्या. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून खोबरेल लावून फडक्यात ठेवायचे. तो त्यांच्या खिशात असला की मला वाटायचं, जगात अडणार असं काही नाही. अण्णा तापाने गेले आणि तू तो आपल्या कनवटीला लावलास. त्यांच्या खिशात तो कामाचा होता. तुझ्या कमरेला आला आणि त्याचं काम बदललं. त्यानंतर त्याने कैरी कापलेली मी पाहिली नाही. पेन्सिलीला तू विळी वापरायचीस.

तुझी कामं नौपाड्यात. चार घरच्या पोळ्या. शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर यायचे आणि कुणाच्या तरी ओटीवर बसून पुड्याच्या कागदावरचं वाचत राहायचे. माझं खरं शिक्षण तिथेच झालं. संध्याकाळी आपण दोघी कोपरीला परत. तेव्हा खाडीच्या अंगाला एक पायवाट होती, दोन्हीकडे चिखल, मध्ये जेमतेम एका माणसाची जागा. आज तिथे काय आहे मला ओळखूही येणार नाही. पण ती वाट माझ्या डोळ्यांपुढे आहे तशी आहे. आणि त्या वाटेवर मिठागराचा मुकादम उभा आहे.

अण्णा गेल्यापासून तो खोलीवर येऊन जायचा. खोली मिठागराची, एकट्या बाईला कशाला हवी, आणि हवी असेल तर जरा समजुतीने वाग, असं काहीबाही. मला समजत नव्हतं, पण तो आला की तू मला मांडीवर घेऊन बसायचीस, आणि मी मांडीवर बसण्याएवढी लहान नव्हते. त्या संध्याकाळी तो वाट अडवून उभा राहिला आणि म्हणाला, ‘पोरीला पुढे धाड. बोलायचंय.’ तू मला मागे घेतलंस. तुझा पदर माझ्या मुठीत. मग ‘टक्’ असा आवाज आला.

‘बाई, कांदा चिरायचाय काय?’ म्हणून तो हसला. मग त्याने तुझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मागे होते, मला तुझी पाठच दिसत होती. त्याने काय पाहिलं देव जाणे, पण हसू अर्ध्यातच विझलं. वाट सोडून तो बाजूला चिखलात उतरला, पायातल्या वहाणांसकट. आपण त्याच्या अगदी शेजारून गेलो. तू धावली नाहीस. मला वाटत होतं, आपण जिंकलो. घरी आल्यावर पाहिलं तर चाकू तुझ्या हातात उघडाच होता. तुला तो मिटता येईना. बोटं अशी थरथरत होती की पातं आत जाईना. शेवटी तू तो ओट्यावर उघडाच ठेवलास आणि त्याच्यावर पातेलं पालथं घातलंस, जसा विंचू झाकावा. त्या दिवशी तू विळीलाही शिवली नाहीस. पिठलं केलंस, बिनकांद्याचं.

दुसऱ्या दिवशी नौपाड्याहून यायला तुला उशीर झाला आणि आलीस तेव्हा चाकू मिटलेला होता. त्याच्याभोवती काळा दोरा, मुठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेढ्याला वेढा लावून, शेवटी गाठीवर गाठ.

‘आई, दोरा कशाला?’

‘नजर लागू नये म्हणून.’

‘चाकूला नजर लागते?’

‘चाकूची लागते,’ म्हणालीस आणि दिवा लावायला उठलीस.

मी औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामाला लागले तो दिवस आठवतो? थंडीत सुटेपर्यंत अंधारून यायचं आणि पुलावरून एकटीने यायचं. पहिल्या दिवशी निघताना तू चाकू कनवटीतून काढलास आणि ओट्यावर ठेवलास. ‘उचल,’ म्हणालीस.

‘हातात दे ना.’

‘चाकू हातोहात देऊ नये. दिला की देणारीचं आणि घेणारीचं नातं कापलं जातं. मी ठेवते, तू उचल. आपल्या मनाने उचल.’

मी उचलला. मग तू मला जवळ बसवून सांगितलंस, ‘दोरा सहज म्हणून सोडायचा नाही, माझ्या गळ्याची शपथ आहे. आणि खरंच वेळ आली तरी आधी पळ. पळता आलं नाही तर ओरड. चप्पल मार, माती फेक, चाव. सगळं करून झालं की मग दोरा. उघडला की तो आपला राहत नाही गं.’ मला ते ओवीसारखं वाटलं. ऐकायला गोड, अर्थ नंतर कधीतरी बघू.

एकदा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोरींनी चिडवलं, ‘कमरेला काय बांधलंयस, खजिना?’ म्हणून मी काढून दाखवला. एकीने हातात घेऊन झाशीच्या राणीचा आव आणला, सगळ्या हसल्या. मीही घरी येऊन हसत हसत तुला सांगितलं. तू पोळी तव्यावरच सोडलीस. ‘ती काय पाटली आहे मिरवायला? चाकू जवळ आहे हे दुसऱ्याला कळलं की तो आपल्याजवळ नसल्यातच जमा. मला तर कळतच नाही तुला शहाणपण कधी येणार.’ पोळी करपली. तीच तू खाल्लीस. एवढंसं काय ते, म्हणून मी फुरंगटले.

आणि मग तो दिवस. कारखान्याच्या फाटकापासून एकजण मागे लागला होता. पूल उतरून कोपरीच्या बाजूला आले तरी मागेच. रस्त्यात कुणी नाही. तू सांगितलेलं सगळं विसरले. ना पळाले, ना ओरडले. माझा हात कमरेला गेला, दोऱ्याचे वेढे बोटाला लागले आणि अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. मी गर्रकन वळले आणि म्हटलं, ‘काय रे, वाट चुकलास? कुठं जायचंय सांग, सोडते.’ तो दोन पावलं मागे. ‘नाही ताई, मी आपला...’ मघाशी शीळ घालत होता, आता ताई! गेला तो परत फिरकला नाही.

मी घरी उड्या मारतच आले. तुला सगळं करून दाखवलं, त्याचा आवाज काढून. तू हसली नाहीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला.

‘दोरा सोडलास?’

‘नाही गं.’

‘सोडायला गेलीस?’

‘अगं नाही म्हणते ना. नुसता हात लावला.’

तू होतीस तिथेच खाली बसलीस, भिंतीला टेकून. मला वाटलं, लेकीचं कौतुक पोटात मावेना. आई, आज कळतंय ते काय होतं. आज मी तश्शीच बसलेय.

आत्ता लिफ्टचा आवाज झाला. दुसऱ्या मजल्यावर थांबली. कुणाची तरी किल्ली वाजली, दार लागलं. आमचं नाही.

दरवर्षी खंडेनवमीला मी चाकू घेऊन तुझ्याकडे यायचे, लग्न होऊन डोंबिवलीला आल्यावरही. घरातली सगळी हत्यारं तू पाटावर मांडायचीस: विळी, अडकित्ता, कात्री, जावयाचा पाना-पक्कड. त्यांच्यात हा चाकू. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. चाकूचा जुना दोरा तू काढायचीस आणि नवा बांधायचीस, पण तेवढ्यापुरती माझ्याकडे पाठ करून. मला वाटायचं काही मंत्र पुटपुटत असशील. मीही कधी डोकावले नाही. देवाच्या कामात डोकावू नये, असं तूच शिकवलेलं.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी माझ्याच घरात पाट मांडला. दोरा बदलायचा तर तो आता मीच. शपथ कुणाच्या गळ्याची पाळायची, गळाच राहिला नव्हता. कात्रीने दोरा कापला, वेढे सोडले, आणि खाली पांढरं काहीतरी चमकलं. तळ फुटलेल्या भांड्याला कल्हईवाला कथिलाचा डाग देतो ना, तसा डाग. पातं जिथून बाहेर येतं ती सगळी फट या टोकापासून त्या टोकापर्यंत बुजवून टाकलेली. मी खाचेत नख घालून ओढलं. नख तुटलं, पातं हललं नाही. मुकादमाच्या दुसऱ्याच दिवशी तू नौपाड्याहून उशिरा आली होतीस, तेव्हाच तू तो कल्हईवाल्याकडून कायमचा बंद करून आणला होतास. म्हणजे तुझ्या कमरेला इतकी वर्षं काय होतं, आणि माझ्या कमरेला काय होतं? लोखंडाचा एक ठोकळा.

त्या पाटासमोर मला पुलाजवळचा तो माणूस आठवला. तो मागे सरकला नसता तर? मी सगळं विसरून दोरा सोडत बसले असते आणि मग नखाने ओढत राहिले असते. तुझ्या तेराव्यालाही रडले नव्हते एवढी त्या दिवशी रडले, आणि दुःखाने नव्हे गं, रागाने. मला फसवलंस म्हणून. संध्याकाळपर्यंत राग उतरला. मग त्या खाडीच्या वाटेवरून आल्यावर पातं मिटू न शकलेली तुझी बोटं दिसायला लागली. मुकादमाची भीती तुला नव्हतीच, किंवा होती तेवढी चालण्यासारखी होती. पातं उघडल्यावर आपला हात काय करू शकतो ते तुला त्या वाटेवर दिसलं होतं, आणि तोच हात माझ्या अंगालाही आहे याची तुला भीती. पण पुढेमागे रिकाम्या हाताने लेकीला बाहेर धाडायचं, त्याचीही भीती. दोन भीतींच्या मध्ये तू तो डाग दिलास. मी नवा दोरा आणला, तुझ्यासारखाच घट्ट बांधला, आणि दसऱ्याची सुट्टी संपल्यावर तो कमरेला लावूनच कामावर गेले, लग्नानंतरही त्याच कारखान्यात. का, ते विचारू नकोस. न उघडणारा आहे हे माहीत असूनही पुलावर माझा हात त्याच्यावरच होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी हातात असली की माणूस हातपाय मारायचं सोडत नाही, हेही खरं.

आणि आज सकाळी, आई, मी तुझ्याच पावलावर पाऊल ठेवलं. काल दिवसभर ठरवत होते, द्यायचा की नाही. सकाळी ती डबा भरून निघाली आणि मी देवघराच्या खणातून चाकू काढला. ओट्यावर ठेवला. ‘उचल,’ म्हटलं. तिने उचलला, कपाळाला लावला, खिशात टाकला. ‘थँक्यू आजी, टेन्शन नको घेऊस,’ म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी दाराशी उभी. आधी पळ, ओरड, चप्पल मार, ते सगळं मी काल रात्री दहादा सांगितलं होतं. जे सांगायचं होतं ते ओठावर येऊन राहिलं. तो उघडत नाही हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं तर धीर जाईल, असं वाटलं. आता वाटतंय, न सांगून जीव गेला तर?

हीच ती भीती. मला माझी गोष्ट तिला रंगवून रंगवून सांगायची हौस. पूल उतरून मी कशी वळले, तो कसा ‘ताई’ म्हणाला. लहानपणापासून ऐकलीय तिने. आता त्या भिंतीशी ती माझ्यासारखी वळली तर? पळायचं सोडून उभी राहिली तर? माझा तो माणूस भेकड निघाला, हे माझं नशीब. भेकड नसलेलेही असतात. ज्याला तिसरा मजला ठाऊक आहे तो ‘ताई’ म्हणेल कशावरून?

खाली वॉचमनला फोन लावला. म्हणाला, ‘आजी, अजून नाही आली. आली की सांगतो ना.’ म्हटलं, जरा त्या भिंतीपर्यंत जाऊन बघतोस का बाबा? ‘गेट सोडून कसा जाऊ, आजी? सेक्रेटरी ओरडतात.’ त्याचंही खरं. मग मीच चपला घातल्या. लाटणं घेतलं. हो, लाटणं, हसू नकोस. लिफ्टपर्यंत गेले आणि आठवलं, मी बाहेर आणि ती दुसऱ्या वाटेने, रिक्षाने आली तर दार कोण उघडणार? परत आले. गुडघे म्हणाले बरं झालं, मन म्हणालं भित्री आहेस. लाटणं अजून मांडीवरच आहे. एका हाताने लिहितेय. घार उडे आकाशी, चित्त तिचं पिलापाशी. इथे पिल्लू उडतंय आणि घार लाटणं धरून बसलीय.

पुन्हा लिफ्ट. थांबली.

आली गं, आई. आली.

मध्ये बराच वेळ गेलाय. ती जेवली, मीही जेवले, भेंडी तिनेच चिरली. शीळफाट्याला दोन ट्रक आडवे झाले आणि बस हलेचना. फोनची बॅटरी संपली. ‘दुसऱ्या कुणाच्या फोनवरून नाही का सांगायचं?’ मी ओरडले. ‘तुझा नंबर पाठ कुणाला असतो आजी आजकाल?’ म्हणे. दारातच मी तिला धरलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते, ‘अगं, तो उघडत नाही! तुला सांगायचं राहिलं. तो चाकू उघडत नाही!’

ती बूट काढत होती. ‘माहितेय,’ म्हणाली.

‘काय माहितेय?’

‘डाग मारलाय ना आत. चौथीत होते तेव्हा तू दुपारी झोपलेलीस, मी दोरा सोडून बघितलेला. परत बांधताना किती घाम फुटलेला मला! तुला कळलंच नाही.’ मग हसली. ‘आणि आज काय झालं माहितेय? ऑफिसच्या गेटवर मशीनमध्ये दिसला. सिक्युरिटीवाला म्हणे, मॅडम, ये क्या है? मी म्हटलं, आजी का है, खुलता नहीं. त्याला वाटलं मी खोटं बोलतेय. दोरा काढायला लावला आणि दोन्ही हातांनी ओढत बसला बिचारा. मग म्हणतो, ये तो चाकू है ही नहीं, ले जाओ.’

मी विचारलं, ‘आणि तो? स्कूटरवाला?’

तिचं हसू गेलं. ‘होता. भिंतीशीच उभा होता.’ बसमधल्या दोघीजणी पुढच्या सोसायटीत राहतात म्हणे. आज हिने धीर करून त्यांना सांगितलं, आणि त्यातली एक म्हणाली, अगं, माझ्यापण मागे येतो. तिघी मिळून आल्या, मोठमोठ्याने बोलत, रस्ता अडवून. तो दिवा बंद करून बसून राहिला, आला नाही. शनिवारची वाट न बघता उद्या सकाळीच तिघी पोलिसांत जाणार आहेत. ‘तू पण चल,’ म्हणाली. जाईन. पण उद्या संध्याकाळ आहेच, परवाची आहे, आणि तिसरा मजला कुठे जात नाही. भीती गेलेली नाही, आई. फक्त बसायला जागा मिळाल्यासारखी बाजूला बसलीय.

‘उघडत नाही माहीत होतं, मग नेलास कशाला?’ मी विचारलं.

ती भेंडीची देठं काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तू रोज न्यायचीस आणि रोज परत यायचीस ना? म्हणून.’

मी तिच्या पुढ्यातली देठं गोळा केली.

हे पत्र कुठे धाडणार, आणि कोण पोचवणार. पण एक विचारायचं राहून गेलं. आज दिवसभर माझा हात कमरेला जात होता. पोळ्या लाटताना, फोन लावताना, लिफ्टचा आवाज ऐकताना. जायचा आणि रिकामा परत यायचा. तू मला चाकू उचलायला लावलास त्यानंतर तू नौपाड्याला जातच होतीस, त्याच वाटेने येतच होतीस. तुझ्या कनवटीला तेव्हा काय होतं, आई? तुझा हात कुठे जायचा? इतक्या वर्षांत मला हे कधी सुचलंच नाही.

पोर मघाशी अंघोळीला गेली होती. घरी आल्या आल्या तिने चाकू ओट्यावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. एवढं कुणी शिकवलं तिला! सिक्युरिटीवाल्याने काढायला लावलेला दोरा मी पुन्हा बांधला, वेढ्याला वेढा लावून. सकाळी ती उचलेल. पण बाथरूमचं पाणी सुरू झालं तेव्हा मी तो घेतला आणि थोडा वेळ माझ्या कमरेला लावून उभी राहिले. पाणी बंद झाल्यावर परत ओट्यावर ठेवला. तिला सांगू नकोस.